पॅरानॉर्मल रोमान्स आणि अर्बन फँटसीच्या मालिका: सुरुवात कोठून करावी आणि कोठे थांबावे

मुलुंडहून रोज लोकलने फोर्टात नोकरीला जाणाऱ्या एका वाचक भगिनीने विचारले आहे की, शाळेपासून नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी आवडीने वाचले, आता इंग्रजीतल्या पॅरानॉर्मल रोमान्स आणि अर्बन फँटसीच्या मालिकांकडे वळायचे आहे. पण दहा-दहा, पंधरा-पंधरा पुस्तकांच्या रांगा पाहून छातीच दडपते. सुरुवात कोठून करावी, क्रम पाळलाच पाहिजे का, या दोन प्रकारांत नेमका फरक काय, आणि मालिका मध्येच सोडली तर काही बिघडते का, असे त्यांचे प्रश्न आहेत. विलेपार्ल्यात मी वाचनालय चालवते, तेथे हेच प्रश्न निरनिराळ्या तोंडून वर्षानुवर्षे ऐकत आले आहे, आणि या मालिका माझ्याही जिव्हाळ्याच्या आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सर्वांत आधी फरक समजून घ्यावा, कारण क्रम, वेग, खरेदी आणि थांबण्याची जागा या सगळ्यांची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत. वेअरवुल्फ (लांडग्याचे रूप घेणारी माणसे), व्हॅम्पायर, जादूगार दोन्हीकडे असतात. लेखकाने वाचकाला दिलेला शब्द मात्र वेगळा असतो. अमेरिकेतील रोमान्स लेखकांच्या संघटनेने रोमान्सची जी व्याख्या रूढ केली आहे तिच्यात दोनच अटी आहेत: प्रेमकथा मध्यवर्ती असली पाहिजे, आणि शेवट भावनिक समाधान देणारा व आशादायी असला पाहिजे. पॅरानॉर्मल रोमान्स या दोन्ही अटी पाळतो. त्यामुळे बहुतेक मालिकांत प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र जोडपे असते, त्यांची गोष्ट त्याच पुस्तकात पूर्ण होते, आणि मागच्या पुस्तकातले दुय्यम पात्र पुढच्या पुस्तकात नायक किंवा नायिका होऊन येते. अर्बन फँटसीत बहुधा एकच नायिका किंवा नायक असतो, तोच प्रथमपुरुषी निवेदन करतो, एक ठराविक शहर असते, आणि प्रत्येक पुस्तकात एक प्रकरण मिटले तरी त्यामागचा मोठा प्रश्न पुढे चालू राहतो. प्रेम येथेही असते, पण ते चौथ्या पुस्तकापर्यंत रेंगाळले तरी लेखकाने शब्द मोडला असे होत नाही. रोमान्सच्या अपेक्षेने अर्बन फँटसी उघडणारा वाचक पहिल्या दोन पुस्तकांत कंटाळतो, आणि अर्बन फँटसीच्या अपेक्षेने रोमान्स उघडणाऱ्याला वाटते की कथानक सारखे थांबून राहते आहे. पुस्तक नापसंत पडून परत येते तेव्हा दोष बहुधा पुस्तकाचा नसतो, ते चुकीच्या अपेक्षेने उचललेले असते.

प्रत्यक्ष उदाहरणे घेऊ. इलोना अँड्रूज या नावाने पती-पत्नी मिळून लिहितात. त्यांची केट डॅनियल्स ही मालिका 2007 मध्ये ‘मॅजिक बाइट्स’ या पुस्तकाने सुरू झाली आणि दहाव्या पुस्तकाने 2018 मध्ये तिचे मुख्य कथानक पूर्ण झाले. कथा अटलांटा शहरात घडते. या जगात जादू लाटेसारखी येते आणि ओसरते. लाट आली की वीज जाते, बंदुका चालत नाहीत, मोटारी बंद पडतात. लाट ओसरली की मंत्र निष्प्रभ होतात आणि यंत्रे पुन्हा सुरू होतात. जादू उंच इमारती कुरतडत असल्यामुळे शहराचे मनोरे ढासळलेले आहेत. जादू चालू असताना वापरायच्या मोटारी मंत्रवलेल्या पाण्यावर चालतात, आणि त्या सुरू करण्यासाठी बराच वेळ मंत्र पुटपुटत उभे राहावे लागते. घाईच्या वेळी नायिकेला हा खोळंबा सहन करावा लागतो, आणि तेवढ्या एका तपशिलातून या जगात जगणे किती कष्टाचे आहे हे पानभर वर्णनापेक्षा जास्त कळते. याच मालिकेतली आणखी एक गोष्ट मी नव्या वाचकांना आवर्जून दाखवते. केट जखमी झाली की आपले रक्त लागलेल्या पट्ट्या जाळून टाकते. सुरुवातीला ती एखाद्या लढवय्या बाईची सावध सवय वाटते. तिचे पूर्ण कारण आणि त्याची किंमत उलगडायला पुढची बरीच पुस्तके जावी लागतात. ते कारण येथे सांगत नाही, पण दीर्घ मालिका वाचण्यातला खरा आनंद कोठे असतो हे त्या पट्ट्यांवरून समजते: एका पुस्तकात सहज टाकलेली गोष्ट पाच पुस्तकांनंतर जड होऊन परत येते. सुट्या कादंबरीला हे साधत नाही.

रोमान्सच्या बाजूने नलिनी सिंग यांची साय-चेंजलिंग मालिका घ्यावी. लेखिकेचा जन्म फिजीचा आणि वाढ न्यूझीलंडमधली. पहिले पुस्तक ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’ 2006 मध्ये आले. त्याचा काळ 2079 आहे आणि जगात तीन वंश आहेत: मनःशक्ती असलेले साय, प्राण्याचे रूप घेणारे चेंजलिंग आणि साधी माणसे. साय लोकांनी 1979 मध्ये ‘सायलेन्स’ नावाची व्यवस्था स्वीकारून आपल्या मुलांच्या भावनाच पुसून टाकायला सुरुवात केली, आणि शंभर वर्षांनी तिला तडे जाऊ लागले आहेत. प्रत्येक पुस्तकात एक जोडपे आहे, त्यामुळे कोणतेही पुस्तक कोठूनही उचलावे असे वाटेल. तसे करू नका. या जोडप्यांच्या मागे त्या व्यवस्थेच्या पतनाचे राजकारण क्रमाक्रमाने पुढे सरकत असते. 2013 मध्ये आलेले बारावे पुस्तक, ‘हार्ट ऑफ ऑब्सिडियन’, आधीच्या पुस्तकांत दुरून दिसलेल्या एका थंड, धोकादायक माणसाचे आहे. ते आधी वाचले तर एक बरी प्रेमकथा हाती लागते, क्रमाने वाचले तर अनेक पुस्तके मनात साठलेली शंका आणि भीती एका माणसाभोवती गोळा होते. पहिला मोठा टप्पा 2016 मध्ये पंधराव्या पुस्तकाने संपतो आणि 2017 पासून पुढचा टप्पा सुरू होतो. पंधराव्यानंतर थांबले तरी काहीही अर्धवट राहिल्यासारखे वाटत नाही.

क्रमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. अर्बन फँटसी नेहमी पहिल्या पुस्तकापासून आणि प्रकाशनाच्या क्रमाने वाचावी. रोमान्समध्ये थोडी मोकळीक आहे, पण पार्श्वभूमीचे कथानक जितके घट्ट तितकी ती कमी होते. काही वाचक कथेतल्या काळाच्या क्रमाने वाचायचा आग्रह धरतात आणि नंतर लिहिलेली पूर्वकथा आधी वाचतात. तसे केल्याने नुकसानच होते, कारण लेखकाने कोणती माहिती केव्हा उघड करायची हे प्रकाशनाच्या क्रमानेच ठरवलेले असते. लघुकादंबऱ्यांचा प्रश्न मात्र नाजूक आहे. सूचीत कोठेतरी अर्धा क्रमांक देऊन या छोट्या कथा टाकलेल्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच वगळल्या तरी चालतात. परंतु पॅट्रिशिया ब्रिग्ज यांच्या मर्सी थॉम्पसन मालिकेची अल्फा अँड ओमेगा ही उपमालिका याला ठळक अपवाद आहे. तिचे पहिले पुस्तक म्हणून ‘क्राय वुल्फ’ (2008) दुकानात मिळते, पण चार्ल्स आणि अ‍ॅना या नायक-नायिकेची भेट त्याआधी, 2007 च्या ‘ऑन द प्राउल’ या संग्रहातल्या कथेत झालेली आहे. ती न वाचता ‘क्राय वुल्फ’ उघडले तर आपण एखाद्या लग्नाला दुसऱ्या दिवशी पोहोचलो आहोत असे वाटते. ती कथा नंतर स्वतंत्रपणेही उपलब्ध झाली, म्हणून आधी तेवढी मिळवावी.

आणखी दोन बारीक गोष्टी, ज्यांमुळे पैसे वाया जातात. एकच पुस्तक अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये वेगळ्या नावाने निघालेले असू शकते. बेन आरोनोविच यांचे ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ (2011) अमेरिकेत ‘मिडनाइट रायट’ या नावाने आले. फाउंटनच्या फुटपाथवर किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या स्टॉलवर दोन्हीकडच्या आवृत्त्या मिसळलेल्या असतात, त्यामुळे मालिकेतला नवा भाग समजून तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरी येते. घेण्यापूर्वी सुरुवातीचे, हक्कांचा तपशील असलेले पान आणि ‘याच लेखकाची पुस्तके’ ही यादी पाहावी. दुसरे असे की, या प्रकारच्या पॉकेट आवृत्त्यांत शेवटी पुढच्या पुस्तकाचे पहिले प्रकरण छापण्याची पद्धत आहे. अजून पंधरा-वीस पाने शिल्लक आहेत म्हणून वाचक निश्चिंत असतो आणि गोष्ट अचानक संपते. किंवा त्या ओघात ते प्रकरण वाचून टाकतो आणि पुढचे पुस्तक मिळेपर्यंत अर्धवट लटकतो. ती पाने पुढचा भाग हातात असल्याशिवाय वाचू नयेत. मुंबईच्या पावसाळ्यात या स्वस्त कागदाला ओल फार लवकर लागते आणि कण्याचा डिंक सुटतो, म्हणून जुने पुस्तक घेताना मधली पाने सुटलेली नाहीत हे उलगडून पाहावे.

पहिल्या पुस्तकावरून मालिकेचा निवाडा करू नये. अर्बन फँटसीत पहिल्या पुस्तकावर ओझे फार असते: शहर उभे करायचे, जादूचे नियम सांगायचे, वीस-पंचवीस पात्रे आणायची आणि शिवाय एक खून सोडवायचा. ‘मॅजिक बाइट्स’मध्ये ही ओढाताण जाणवते, तिसऱ्या पुस्तकात ती नाहीशी होते, आणि केट व रूप बदलणाऱ्यांचा प्रमुख करन यांच्या नात्याला स्थिर आकार येतो तो 2010 च्या चौथ्या पुस्तकात. शिकागोत घडणाऱ्या जिम बुचर यांच्या ड्रेस्डेन फाइल्सबद्दलही, 2000 साली सुरू झालेल्या या मालिकेची पहिली दोन पुस्तके कच्ची आहेत असे तिचे निष्ठावंत वाचकच सांगतात आणि काही जण थेट तिसऱ्या-चौथ्यापासून सुरुवात करायला सुचवतात. मी तसे सुचवत नाही. सुरुवातीची दोन पुस्तके वेगाने वाचावीत, पण वाचावीत, कारण तेथे केलेले सौदे आणि चुका नायकाला पुढे फेडाव्या लागतात. तिसरे पुस्तक संपल्यावर मात्र स्वतःला प्रामाणिकपणे विचारावे की चौथे मिळवण्यासाठी मी धडपड करीन का. उत्तर नाही असेल तर मालिका बाजूला ठेवावी.

आता तुमच्या धारप-मतकरींच्या वाचनाविषयी. ती पूर्वतयारी उपयोगाची आहे, पण तिच्यामुळे एक अपेक्षा तयार झालेली असते. आपल्या भयकथेत साध्या, मध्यमवर्गीय घरात काहीतरी परके शिरते, आणि ते परके काय आहे हे जितके उशिरा कळेल तितकी भीती गडद होते. अर्बन फँटसीत ते परके शहराचे रहिवासी असते. त्याला घरभाडे भरायचे असते, त्याची टोळी असते, त्याचे शेजाऱ्याशी वाद असतात. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची मर्सी थॉम्पसन फोक्सवॅगन दुरुस्त करणारी मेकॅनिक आहे आणि कायोटीचे, म्हणजे कोल्ह्यासारख्या एका अमेरिकी प्राण्याचे, रूप घेऊ शकते. शेजारी राहणारा वेअरवुल्फांचा म्होरक्या शिस्तीचा आणि टापटिपीचा असल्यामुळे, त्याच्या खिडकीतून दिसेल अशा बेताने ती आपल्या अंगणात एक मोडकी मोटार उभी करून ठेवते, आणि त्याचा राग आला की तिचा आणखी एखादा भाग काढते. दोन माणसांमधले सगळे नाते त्या मोटारीत आहे. येथे अंगावर काटा येण्याची वाट पाहिली तर निराशा होईल. भीतीऐवजी नियमांकडे लक्ष द्यावे: कोणाला कोणाच्या घरात आमंत्रणाशिवाय जाता येत नाही, उपकार घेतल्यावर काय देणे लागते, शक्ती वापरल्यावर शरीरातून काय जाते. ज्या मालिकेत हे नियम लेखकाच्या सोयीसाठी वाकत नाहीत ती चांगली, एवढी कसोटी मी वापरते. धारपांचा समर्थ ज्यांनी वाचला आहे त्यांना ही कसोटी नवी वाटणार नाही. तेथेही रक्षण करणाऱ्याला मर्यादा आहेत, आणि म्हणूनच त्याचे येणे मोलाचे वाटते.

मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटेल अशी मालिका मात्र मला ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ वाटते. पीटर ग्रँट हा लंडनच्या पोलीस दलातला तरुण शिपाई, आणि त्या शहरातल्या नद्या तेथे देवता आहेत. थेम्सची माता आफ्रिकेतून, नायजेरियातून आलेली बाई आहे, आणि जमिनीखाली गाडल्या गेलेल्या ओढ्यांच्याही मुली आहेत, त्यांचे मानपान आहेत, हद्दीची भांडणे आहेत. मुंजा पिंपळावर असतो, वेताळाचे ठाणे वेशीपाशी असते, प्रत्येक जागेला तिचा राखणदार असतो, हे ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला या कल्पनेची ओळख पटायला एक प्रकरणसुद्धा लागत नाही. जिचे नाव या शहराने घेतले ती मुंबादेवी, आणि गटार समजून सोडून दिलेली मिठी नदी, एवढे भांडवल असलेल्या मुंबईवर अशी दीर्घ मालिका मराठीत कोणीतरी पूर्ण ताकदीने लिहावी, ही इच्छा ते पुस्तक वाचताना दर वेळी माझ्या मनात येते. प्रेमकथेचे प्रमाण येथे कमी आहे, हे आधीच सांगून ठेवते.

एका गोष्टीवर मात्र गंभीरपणे बोलले पाहिजे. या साहित्यात ‘नियतीने ठरवलेला जोडीदार’ ही कल्पना फार चालते, आणि तिच्या आडून नायकाची मालकी, पाळत, हुकूमशाही हे सगळे प्रेम म्हणून खपवले जाते. म्हणून ही पुस्तके वाचूच नयेत असे मी म्हणत नाही. बळकट, धोकादायक पुरुष एका स्त्रीपुढे नमते घेतो, यातला आनंद खरा आहे आणि त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. फक्त पाहावे की नायिकेच्या नकाराला पुस्तकात वजन आहे का. तिने नाही म्हटल्यावर नायकाला काही गमवावे लागते का, काही शिकावे लागते का, की पुढच्याच प्रकरणात तिचे शरीरच तिच्याविरुद्ध निकाल देते? चांगल्या लेखिका याच प्रश्नावर मालिका उभी करतात. दुसरे, ही मोठ्यांची पुस्तके आहेत. मुखपृष्ठावर लांडगा आणि चंद्र पाहून आई-वडील ती शाळकरी मुलांसाठी नेतात, तेव्हा मी थांबवते. मर्सी थॉम्पसन मालिकेच्या तिसऱ्या पुस्तकात, ‘आयर्न किस्ड’ (2008) मध्ये, लैंगिक अत्याचाराचा प्रसंग आहे. लेखिकेने तो जबाबदारीने हाताळला आहे आणि त्याचे परिणाम पुढच्या पुस्तकांतही दिसतात, परंतु वाचकाला त्याची पूर्वकल्पना असलीच पाहिजे, म्हणून कथानक उघड होण्याचा दोष पत्करूनही मी ती देते.

मालिका मध्येच सोडण्याबद्दल: खुशाल सोडावी, पण जागा पाहून सोडावी. लॉरेल हॅमिल्टन यांची 1993 मध्ये सुरू झालेली अनिटा ब्लेक ही या प्रकाराला आकार देणाऱ्या मालिकांपैकी एक आहे. सुरुवातीला ती गुन्हे तपासाची मालिका होती. 2001 च्या दहाव्या पुस्तकापासून तिचा रोख शृंगाराकडे वळला, आणि अनेक वाचक नवव्यापाशी समाधानाने थांबले. शार्लेन हॅरिस यांच्या सूकी स्टॅकहाऊसची तेरा पुस्तके 2001 ते 2013 या काळात पूर्ण झाली, पण शेवटी नायिकेने केलेली जोडीदाराची निवड पुष्कळ वाचकांना रुचली नाही. तो शेवट मला योग्य वाटतो, कारण पहिल्या पुस्तकापासून ती मुलगी उन्हाचीच होती, व्हॅम्पायरांच्या रात्रीची नव्हती. उलट ज्यांना अपुरेपण सोसत नाही त्यांनी चालू मालिकांपासून दूर राहावे: ड्रेस्डेन फाइल्सच्या पंधराव्या आणि सोळाव्या पुस्तकांमध्ये 2014 ते 2020 असे अंतर पडले होते.

वेगाचाही विचार करावा. ही पुस्तके वर्षाला एक या हिशेबाने लिहिलेली असतात, त्यामुळे लेखक प्रत्येक वेळी नायिकेची तलवार, तिचे घर, तिचा भूतकाळ पुन्हा सांगतो. ओळीने सात वाचली तर ही पुनरुक्ती टोचू लागते आणि दोष लेखनाला दिला जातो. अर्बन फँटसीच्या दोन भागांमध्ये निराळे काहीतरी वाचावे. रोमान्समध्ये दोन सलग वाचायला हरकत नाही. मध्ये खंड पडणार असेल तर पुस्तक संपताच वहीत चार ओळी लिहाव्यात: कोण मेले, कोणाचे कोणावर ऋण आहे, कोणता प्रश्न उघडा राहिला. पात्रांच्या वर्णनाची टिपणे काढू नयेत, ती लेखक पुन्हा देणारच असतो.

तुमच्यासाठी माझी निवड अशी. मुलुंड ते सीएसएमटी हा प्रवास आणि लांब वाचनाची सवय पाहता केट डॅनियल्सपासून सुरुवात करा, कारण ती पूर्ण झालेली आहे, प्रकरणे वेगवान आहेत आणि प्रेमकथा व साहस दोन्ही भरपूर आहे. पहिली तीनच घ्या, संच घेऊ नका. कागदी प्रती मिळाल्या नाहीत तर ई-पुस्तके घ्या, गर्दीत एका हातात तीच सोयीची पडतात. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’ वाचा. या दोन मालिकांपैकी कोणत्या मालिकेच्या पुस्तकासाठी तुमचे स्टेशन चुकायची वेळ येते ते पाहा. केटकडे ओढा राहिला तर पुढे मर्सी थॉम्पसन आणि मग पीटर ग्रँट. नलिनी सिंग यांच्याकडे राहिला तर त्यांची पंधरा पुस्तके क्रमाने, आणि त्यानंतर त्यांचीच, 2009 मध्ये ‘एंजल्स ब्लड’ने सुरू झालेली देवदूतांची मालिका. तिच्यात क्रौर्य अधिक आहे, म्हणून ती नंतर.